उताऱ्यात काय लिहिले आहे?

गेली काही वर्षे आम्ही राजूरला बारावीच्या मुलींना इंग्रजी उतारे वाचावयास शिकवीत आहोत. नर्सिंगला जाण्याची आस धरून या मुली आसपासच्या वाड्यापाड्यांतून येतात; एस.टी. चुकेल या धास्तीने त्यांचे अर्धे लक्ष रस्त्याकडे असते. राज्याच्या बी.एस्सी. नर्सिंग प्रवेशपरीक्षेत १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवावयाचे, त्यांतले २० इंग्रजीचे. इतर विषयांचे बरेचसे पाठ करता येते. उतारा मात्र त्या दिवशीच प्रथम भेटतो.

एकदा आम्ही तान्ह्या बाळाच्या आहारावर एक उतारा तयार केला. वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध देऊ नये, त्यातून क्वचित जिवावर बेतणारा आजार होतो, असे त्यात होते. उताऱ्यानुसार मध केव्हापासून द्यावा, असा खाली प्रश्न. वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीने 'जन्मापासून' या पर्यायावर खूण केली. विचारले तेव्हा म्हणाली, "सर, आमच्या आजीनं धाकट्या भावाला पहिल्याच दिवशी मध चाटवला होता. काही झालं नाही त्याला."

उताऱ्यातला एकही शब्द तिला अडला नव्हता. तिने वाचले ते आजीचे!

हसण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. आमच्या आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू झाले. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते, आणि चिठ्ठीवर तसे स्वच्छ लिहिलेले होते. आईच्या बाकीच्या साऱ्या गोळ्या रोजच्या. आम्ही हीही रोज दिली. पाचव्या दिवशी तिच्या तोंडात फोड आले, पाणी गिळवेना. रुग्णालयातल्या सिस्टरने (धर्मभगिनी नव्हे, वॉर्डातल्या) चिठ्ठी घेतली, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचली आणि हळूच विचारले, "ही आठवड्याची आहे ना, काका? रोज देताय?" आई वाचली. पण इंग्रजी शिकवून पोट भरणारे आम्ही 'वीकली' हा एवढासा शब्द ओलांडून गेलो होतो.

तेव्हापासून आमची शिकवण्याची रीत बदलली. आधी प्रश्न वाचा आणि उताऱ्यात तेवढे शब्द शोधा, असे मार्गदर्शक पुस्तके सांगतात. वेळ वाचतो, हे खरे; पण शब्द सापडल्याच्या आनंदात शेजारचा 'नॉट' दिसत नाही. आम्ही मुलींना एकदा सबंध उतारा वाचावयास लावतो, मग तो झाकून मराठीत सांगावयास. 'ओन्ली', 'एक्सेप्ट', 'ॲट लीस्ट' यांखाली रेघ. 'अनलेस' सर्वांत चिवट. त्याच्यापायी एक अख्खी संध्याकाळ जाते. रविवारच्या मिस्सेत संत पौलाचे लांबलचक वाक्य आम्ही स्वतः कितीदा अर्थावाचून वाचून उतरलो आहोत, तेही त्यांना सांगून टाकतो.

ती हुशार मुलगी आता बोट ठेवून वाचते. मधाचा उतारा तिने घरी आजीला मराठीत सांगितला. आजी काय म्हणाली, असे आम्ही विचारले.

"म्हणाली, हे लिहिणाऱ्याला लेकरं किती?"

तिच्या मावशीला दिवाळीच्या सुमारास बाळ व्हावयाचे आहे. मधाची बाटली तिने आताच उचलून माळ्यावर ठेवली आहे.