सांगितलेलें दुःख

२००४ सालच्या ‘श्वास’ या मराठी बोलपटांतील कोंकणचा बालक परशुराम यास डोळ्यांचा कर्करोग होतो. प्राण वांचविण्यासाठीं दृष्टि गमवावी लागणार, हें त्याला सांगितलेंच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह असतो. ऐकून तो आक्रोश करितो. मग शस्त्रक्रियेपूर्वीं आजोबा त्याला डोळे भरून शहर दाखवितात.

माझ्या धाकट्या भावाला कुपवाडहून मिरजेस उपचारासाठीं नेतां-आणतां आम्हीं रोगाचें नांव अखेरपर्यंत लपविलें. तो हसत असे. आम्ही त्यास ‘धीराचा’ म्हणत असूं. आज वाटतें, तो एकटाच रडला असेल.

विद्यार्थिमित्रांनो, न रडणें म्हणजे शौर्य नव्हे. सत्य ऐकून रडणाऱ्याचा हात कोणी धरला, तर त्याचें धैर्य टिकतें.