मधली वाट

तिबेटातल्या मार्खामकडच्या एका खेड्यातून निघालेली माणसे ल्हासाच्या आणि त्यापुढे कैलासाच्या दिशेने रस्त्यावर अंग टाकीत, उठत, चार पावले चालून पुन्हा अंग टाकीत चाललेली असताना त्यांचे तंबू आणि अंथरुणे वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर एक मोटार येऊन आदळते, ट्रॅक्टर निकामी होतो, मोटारीत दवाखान्यात पोचवावयाचे माणूस आहे असे कळल्यावर ही मंडळी भरपाईचा हट्ट न धरता मोटारवाल्याला जाऊ देतात, आणि मागची गाडी सोडवून ती स्वतःच ओढू लागतात. येथवर जे घडते ते कोणत्याही बऱ्या चित्रपटात घडले असते. परंतु काही अंतर गाडी ओढून नेल्यावर तिला कडेला उभी करून ती माणसे पाठ फिरवितात, जेथून ओढावयास आरंभ केला होता तेथवर चालत परत येतात, आणि तेवढाच रस्ता नव्याने लोटांगणांनी मोजू लागतात. कोणी त्यांना तसे करावयास सांगत नाही. पडद्यावर त्याचे स्पष्टीकरणही होत नाही.

'पाथ्स ऑफ द सोल' हा झांग यांग या चिनी दिग्दर्शकाचा २०१५ सालचा चित्रपट. त्यात काम करणारी माणसे नट नव्हेत. खेड्यातली खरीखुरी शेतकरी माणसे, एक गरोदर स्त्री, एक चिमुरडी मुलगी आणि यात्रेला जावयाची इच्छा मनात धरून म्हातारा झालेला एक काका. वाटेत ती स्त्री बाळंत होते, आणि ते बाळ घेऊन यात्रा तशीच पुढे चालू राहते. मला मात्र त्यातले बाळही विसरता येईल. विसरता येत नाहीत त्या हातांत घातलेल्या लाकडी फळ्या. डोक्यावर, तोंडापुढे आणि छातीशी अशा त्या एकमेकींवर आपटावयाच्या, मग चामड्याचे आवरण बांधलेले अंग पुढे झोकून देऊन त्या डांबरावरून सरपटत न्यावयाच्या, कपाळ टेकावयाचे आणि उठावयाचे. खट्, खट्, खट् आणि मग तो लांबट खरखराट. पहिल्या अर्ध्या तासात हा आवाज कानाला टोचतो. नंतर तो ऐकू येईनासा होतो. आणि जेथे रस्त्यावरून पाणी वाहते आहे तेथे ती माणसे त्या पाण्यातच अंग टाकतात तेव्हा फळ्यांचा आवाज बदलतो, आणि एवढा वेळ आपण तो ऐकतच होतो हे ध्यानी येते.

चित्रपट ही मूळची कात्रीची कला. एक मनुष्य दार उघडून बाहेर पडतो आणि दुसऱ्याच क्षणी तो मुंबई सेंट्रलला उतरतो. मधला प्रवास आपण न पाहता पाहिल्यासारखा मानावा, असा पडदा आणि प्रेक्षक यांच्यामध्ये प्रारंभापासून एक अलिखित करारनामा झालेला आहे, आणि त्याबद्दल आपली तक्रारही नसते. यात्रेकरूचा करारनामा याच्या नेमका उलटा. त्याला देव हवा असतो हे खरे, पण देव तर रेल्वेनेही गाठता येतो. त्याने पत्करलेली असते ती मधली वाट, तिच्यातला एकही हात न गाळता. तेव्हा पायी यात्रेचा चित्रपट काढणे म्हणजे उपवासाचे वर्णन पंक्तीत बसून ऐकविण्यासारखे आहे असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे. आणि ही अडचण त्या तिबेटी माणसांनी, गाडी उभी करून मागे फिरताना, आपल्या परीने सोडविली. त्या चित्रपटालाही दोन तासांत आटोपावे लागले आहेच, पण आपण काय गाळीत आहोत याची शरम त्याला आहे.

ही शरम युरोपातल्या सांतियागोच्या वाटेवर काढलेल्या चित्रपटांत क्वचित आढळते. एमिलिओ एस्तेवेझ याचा २०१० सालचा 'द वे' मी आवडीने पाहिला आहे आणि पुन्हाही पाहीन, कारण त्यात मार्टिन शीन आहे आणि त्याच्या चेहऱ्यावरचा त्रासिक भाव मला मनापासून प्रिय आहे. कॅलिफोर्नियातला एक नेत्रवैद्य पिरिनीज पर्वतात मरण पावलेल्या मुलाची रक्षा घेऊन, मुलाचीच पिशवी पाठीवर बांधून, मुलाचीच राहिलेली यात्रा पुरी करावयास निघतो. वाटेत त्याला एक लठ्ठ डच गृहस्थ, एक फटकळ कॅनेडियन बाई आणि शब्द आटलेला एक आयरिश लेखक भेटतो. पित्याचे काम करणारा शीन हा दिग्दर्शकाचा खराच पिता, आणि शीनचा पिता त्याच गॅलिसिया प्रांतातून अमेरिकेत गेलेला, हे ठाऊक असले की पडद्यावरचा ओलावा थोडा अधिक खरा वाटतो. परंतु सुमारे आठशे किलोमीटर चालून गेलेल्या त्या चौघांचे बूट जरा पाहावेत! टाच दुखते, फोड येतात, गुडघा जागेवर राहत नाही, हे सर्व संभाषणात येते. पायांत येत नाही. एखादी टेकडी चढू लागले की मागे गाणे सुरू होते, गाणे संपता संपता गाव आलेले असते, आणि गावात मद्य तयारच असते. यात्रेचा थकवा संगीताच्या खात्यावर टाकून मोकळे होण्याची ही युक्ती फार जुनी आहे आणि फार स्वस्त आहे.

त्या चित्रपटात एक जागा मात्र मला अस्सल वाटली, आणि ती चालण्याची नव्हे, कचेरीची आहे. सांतियागोच्या यात्रेकरूजवळ एक दस्तक असते. त्यावर मुक्कामोमुक्कामी शिक्के घ्यावयाचे, आणि अखेरीस ते यात्रा-कचेरीत हजर केले म्हणजे पडताळणी होऊन लॅटिन भाषेतले प्रमाणपत्र मिळते. पायी येणाराने निदान शंभर किलोमीटर चाललेले असले पाहिजे असा तेथला दंडक आहे, आणि म्हणूनच साररिया या गावापासून पुढे, जेथून शंभराची भरती नुकती पुरी होते, वाटेवर एकाएकी गर्दी दाटते. श्रद्धेलासुद्धा दप्तर असते, हे ज्याला कळले त्याला माणसे बरीचशी कळली. तर मेजापलीकडच्या मनुष्याला हा वृद्ध वैद्य प्रमाणपत्रावर स्वतःचे नाव न घालता मुलाचे घालण्याची विनंती करतो. तेथे वाद्ये वाजली नसती तरी चालले असते.

याच वाटेवर लुईस बुन्युएलने १९६९ साली दोन भिकारी चालविले आणि त्यांच्या पायांकडे ढुंकूनही पाहिले नाही. 'द मिल्की वे'तले हे दोघे पॅरिसहून निघतात ते यात्रेकरूंकडून भिक्षा मिळविण्याच्या धंदेवाईक हेतूने, आणि वाटेत त्यांना कोणत्याही शतकातला कोणीही भेटतो. खाणावळीचा मुख्य वाढपी हाताखालच्या माणसांना ख्रिस्ताच्या द्विविध स्वरूपाचे मर्म समजावून सांगतो, एक जेसुइट आणि एक जान्सेनपंथी तलवारी उपसून ईश्वरी कृपेवर वाद घालतात, आणि शेवटी सांतियागोच्या वेशीपाशी एक बाई या दोघांना सांगते की गावात चिटपाखरूही उरलेले नाही, कारण समाधीतली हाडे संत याकोबाची नसून शिरच्छेद झालेल्या प्रिसिलियन नामक पाखंड्याची आहेत असे निष्पन्न झाले आहे. येथे अंतर गाळल्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण बुन्युएलने रस्ता भूगोलातून उचलून थेट इतिहासात नेऊन ठेवला. हा चित्रपट त्याच्याबरोबर लिहिणारा झाँ-क्लोद कारियेर पुढे पीटर ब्रूकसाठी महाभारताचे नाटक लिहावयास बसला, याचे मला कधी आश्चर्य वाटले नाही. ज्याला वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाकडून एक उपाख्यान ऐकून घ्यावयाचा धीर आहे, त्याला वनपर्वाचे भय कसले!

आणि जर्मन दिग्दर्शक वेर्नर हेरझॉग? १९७४ च्या नोव्हेंबरात लॉटे आइस्नर ही चित्रपटांची थोर अभ्यासक पॅरिसमध्ये मरणाच्या दारी आहे असे समजताच, आपण म्युनिकहून पायी तेथे पोचलो तर ती मरणार नाही, असा नवसासारखा निश्चय करून तो हिमवर्षावात निघाला, पोचला, आणि ती पुढे कित्येक वर्षे जगली. जन्मभर कॅमेरा खांद्यावर वागविलेल्या या मनुष्याने त्या चालण्याचा चित्रपट काढला नाही. रोजनिशी तेवढी लिहिली.

आपल्याकडे पंढरपूर चित्रपटात पुष्कळ येते, पण पंढरीची वाट फारशी येत नाही. 'एलिझाबेथ एकादशी'त कार्तिकीची गर्दी, बांगड्यांचे दुकान आणि एक सायकल आहे. 'रिंगण'मध्ये कर्जात बुडालेला बाप आणि आई शोधणारा मुलगा आहे. दोन्ही चित्रपट मला मानवले, पण दोन्हींतले पंढरपूर हे पोचल्यानंतरचे. वाट यावयाची ती एखाद्या गाण्यापुरती: दिवे घाट, वळणावळणांनी चढणारी पताकांची रांग, आणि अलीकडे तर ड्रोन नावाचे यंत्र आल्यापासून आकाशातून घेतलेले ते एकच एक दृश्य, ज्यात लाखो माणसे दिसतात आणि एकही माणूस दिसत नाही. उंचावरून सारी वारी एकजीव दिसते. जमिनीवर, भाकरीच्या वेळी, कोण कोणाच्या पंक्तीला बसले हे इरावतीबाई कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात लिहून ठेवले: बरोबर चालणाऱ्या, एकच अभंग म्हणणाऱ्या दिंड्यांतली ब्राह्मण आणि मराठा मंडळी जेवावयास मात्र वेगवेगळी बसत, आणि बाईंना ते सलत राहिले. हे ड्रोनला कोठून दिसणार?

मला वारीतली जी घटका पडद्यावर पाहावयाची आहे, ती चालण्याची नव्हेच. मुक्कामाच्या तळावर संध्याकाळी होणारी समाज-आरती पुष्कळांना ऐकूनही ठाऊक नसते. मी ती तरडगावच्या तळावर पाहिली. त्या दिवशी चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण झालेले होते, माणसे धुळीने माखून आली होती, तंबूंच्या मेखा ठोकणे चालूच होते, आणि रथातून उतरवून पालखी तळाच्या मध्यभागी आणीपर्यंत शेकडो दिंड्या तिच्या भोवताली वर्तुळाकार उभ्या राहून टाळ वाजवीत होत्या. तो नाद कानाने ऐकण्याचा नव्हेच. तो छातीच्या फासळ्यांतून ऐकावा लागतो. मग चोपदाराने हातातला चोप उंच धरला आणि 'होऽऽ' अशी लांब हाळी दिली, आणि एखाद्या मोठ्या सुभ्याचा कारभार हुकूम सुटताच थांबावा तसे ते सारे टाळ थांबले.

सारे म्हणजे एक सोडून. आमच्या डाव्या हाताला, बरीच मागे, एक दिंडी वाजवीतच राहिली. शेजारच्या म्हाताऱ्याला मी विचारले तेव्हा माझ्या अडाणीपणाचे नवल न करता तो म्हणाला, "त्यांची तक्रार हाय, माउली. ज्याची तक्रार असती त्यानं टाळ ठेवायचा नाही." हैबतबाबा आरफळकरांनी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, शिंदे सरकारातली सरदारी सोडून आल्यावर, या सोहळ्याला जी लष्करी शिस्त लाविली, तिच्या राज्यातली ही फिर्यादीची रीत! अर्ज नाही, मुद्रांक नाही, पाटलाची शिफारस नाही. सर्वांनी गप्प बसावयाचे आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तेवढा आवाज करावयाचा. चोपदार गर्दीतून वाट काढीत त्या दिंडीपाशी गेला. विणेकरी मध्यम वयाचा, गळ्यापर्यंत घामाने निथळलेला. तो रागावलेला होता पण आवाज चढवीत नव्हता. "मागची दिंडी आमच्यात शिरली, माउली. आमच्या बाया दोन ठिकाणी झाल्या. क्रम ठरलाय तो कशासाठी?" चोपदाराने मान खाली घालून ते सगळे ऐकून घेतले, दुसऱ्या दिंडीच्या प्रमुखाला पुढे बोलाविले, दोघांशी हलक्या आवाजात काही बोलला, मग, "उद्या मी सोता बघतो, माउली, आता ठेवा," असे म्हणाला, आणि विणेकऱ्याने टाळकऱ्यांकडे पाहिले.

त्यानंतर हरवल्या-सापडल्याची यादी पुकारली गेली. एक चष्मा, डबीसह. लुगड्याचे गाठोडे, त्यात पितळी तांब्या. एक म्हातारी, नाव सांगते पण गाव सांगत नाही, अमुक दिंडीच्या ट्रकपाशी बसविली आहे. मी ऐकत होतो, आणि ज्या समुदायाने नुकते एका माणसाच्या रागासाठी मौन धरले, तो आता तांब्यासाठीही धरून राहिला आहे हे पाहून मला राज्यशास्त्राची चारदोन पुस्तके आठवली, जी न वाचताही चालली असती. दुसऱ्या दिवशीच्या कुचाची वेळ सांगून झाली, आरती झाली, माणसे पांगली. हे सर्व कात्री न लावता, एका जागी उभ्या कॅमेऱ्याने, त्या एकट्या वाजत्या दिंडीपासून यादीच्या शेवटापर्यंत कोणी दाखवील काय? त्याला गाणे लागणार नाही. नट तर मुळीच लागणार नाहीत.

आणखी एक गोष्ट कोणताही यात्रापट दाखवीत नाही, ती म्हणजे परत येणे. मध्ययुगातला यात्रेकरू सांतियागोला पोचला म्हणजे त्याची अर्धीच यात्रा झालेली असे. घर तितकेच दूर आणि तेही पायीच. आता तेथे विमानतळ आहे. आपल्याकडे एकादशी झाली की एस. टी.च्या जादा गाड्यांवर माणसांची अशी झुंबड उडते की खिडकीतून आधी पिशवी आत जाते, मग मूल, आणि शेवटी मुलाची आई. पण पालखी गाडीत बसत नाही. पौर्णिमेचा गोपाळकाला झाला की माउलींच्या पादुका त्याच रस्त्याने आळंदीला परत निघतात, आणि त्यांच्याबरोबर थोडी माणसे खरोखर चालत परत येतात. मजला लांब लांब असतात, बंदोबस्त पातळ झालेला असतो, वृत्तपत्रांचे बातमीदार आपापल्या कचेऱ्यांत पोचलेले असतात, जाताना ज्या गावकऱ्यांना रेटारेटीत पादुकांवर डोके टेकविता आले नाही त्यांना आता सावकाश टेकविता येते, आणि वाटेवर कोणी गाठ पडलाच तर "काय, लवकर आलात!" असे विचारतो. परतीच्या वारीवर चित्रपट काढावा असे मी एका ओळखीच्या निर्मात्याला सुचवून पाहिले. त्याने नीट ऐकून घेतले, चहा मागविला, आणि त्यात पाऊस किती दाखविता येईल असे विचारले.