अंगठ्याचे 30 टक्के

1923च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने बोटांचा हिशेब आधीच मांडून ठेवला: अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के घटली, अख्खी तर्जनी गेली तर 14 टक्के. भरपाईला असा तक्ता लागतो, मान्य. पण चाकण-भोसरीत पॉवर प्रेसवर बसणाऱ्याचं कामच दहा बोटांचं. एका हाताची चार बोटं गेली तरी त्याची निम्मी क्षमता शाबूत आहे, हे कुठला मालक मानेल? दुसरं काम मिळालंच तर बहुधा झाडू मारण्याचं.

मालक म्हणतात, प्रेसचा गार्ड कामगारच काढतो. कधी कधी ते खरंही असतं. कायद्यातही ही पळवाट होतीच: गार्ड मुद्दाम काढला आणि इजा मृत्यूची किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाची नसेल, तर मालक सुटतो. पण गार्डमुळे तासाचे नग घटतात, आणि नगांचं टार्गेट काही कामगार ठरवत नाही. शिवाय 1948च्या कारखाने कायद्याचं 21वं कलम 2025पर्यंत यंत्र चालू असताना संरक्षक कुंपण जागेवर ठेवायला सांगत होतं. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस उतरू नये, ही सोय जुनीच. त्यातलं एक बटण पट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं असतं, आणि सुपरवायझरला ते दिसत नाही, यावर माझा तरी विश्वास बसत नाही.