वेळेचा रोजमेळ

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर पाचमध्ये दोरा, चेन आणि बटणांचे दुकान, बदलापूरला घर आणि मुलीचे कनिष्ठ महाविद्यालय या दोहोंच्या मधल्या अंबरनाथला. अशा एका व्यापारी कुटुंबात गेल्या दिवाळीपूर्वी एक साधासा प्रश्न उभा राहिला. घरातला जुना लॅपटॉप बदलावा, की त्याच्यावरच भागवावे?

लॅपटॉप घेतला होता जून २०१७ मध्ये, चाळीस हजार रुपयांना. १ जुलैपासून वस्तू व सेवा कर लागू होणार होता आणि बिले संगणकावरच करावी लागणार, हे वडिलांनी ओळखले होते. तीन वर्षे तो दुकानात राहिला. २०२० च्या टाळेबंदीत मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी घरी आला, तो घरचाच झाला. मात्र दुकानाचे जुने हिशेब त्याच्यातच होते आणि करविवरणपत्रेही त्याच्यावरूनच भरली जात. त्यामुळे विवरणाच्या तारखा जवळ आल्या, की रात्री तो वडिलांकडे असे. इतर दिवशी तो मुलीचा.

सप्टेंबरमध्ये पडद्यावर सूचना येऊ लागली, की विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर सुरक्षेच्या सुधारणा मिळणार नाहीत. विंडोज ११ या यंत्रावर चढत नव्हते. इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर त्या नव्या आवृत्तीच्या यादीत बसत नाही. वडील म्हणाले, "दिवाळी होऊ दे, मग नवा घेऊ." बेचाळीस हजारांचा आकडा त्यांनी चौकशी करून ठेवला होता, पण सणाच्या मालात पैसा गुंतला होता. आजोबांना हे पटले नाही. "चालतोय ना? मग चालत्या वस्तूला निरोप कशाला द्यायचा?" आयुष्यभर वह्या लिहिलेल्या त्या वृद्धाने तोंडी हिशेबही मांडला. संगणकावर आयकरात दरवर्षी ४० टक्के घसारा मिळतो. त्या हिशेबाने आठ वर्षांत चाळीस हजारांचे पुस्तकी मूल्य उरते सुमारे ६७२ रुपये. वही त्याला जवळजवळ संपलेला मानते, तरीही तो काम करतो आहे. याहून मोठा नफा कोणता?

मुलगी या चर्चेत काहीच बोलली नाही. तिचे न बोलणे घरात कोणाला खटकलेही नाही.

चारच दिवसांनी आजोबा रद्दीत घालायच्या वह्या चाळत होते. एका वहीच्या मागच्या पानावर त्यांना नातीचे अक्षर दिसले. दोन रकाने आखून तिने रोजमेळ मांडला होता, पण रुपयांचा नव्हे. 'सुरू होणे, ७ मिनिटे. ब्राउझर उघडणे, ३. फाइल जतन करताना अडकला, ११.' सोमवार ते शनिवार, सहा दिवसांची बेरीज खाली होती : २५२ मिनिटे. शेवटी एक ओळ : 'दहा तारीख. पप्पांचे जीएसटी. प्रकल्प दिला नाही. बाईंना वही विसरले म्हणून सांगितले.'

आजोबांनी ते पान दोनदा वाचले. सहा दिवसांत सव्वाचार तास, आणि त्यावर एक खोटे. ते खोटे आळसातून आलेले नव्हते. घराच्या काटकसरीला बोल लागू नये, म्हणून ते बोलले गेले होते. संध्याकाळी त्यांनी वही मुलासमोर ठेवली. "यंत्राचा घसारा मी पै न् पै मांडला. हिच्या वेळेचा कोणत्या खात्यात लिहायचा?"

वडिलांनी नवा लॅपटॉप दुसऱ्याच दिवशी आणायचे ठरवले. तेव्हा मुलगी प्रथमच बोलली. "पप्पा, नवाच पाहिजे असं नाही. आधी दाखवू या ना, नेमकं बिघडलंय काय ते."

उल्हासनगर हे शहरच मुळी जुन्या वस्तूला नवे आयुष्य देत वाढले. महायुद्धकाळातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची पायाभरणी झाली. दुकानाच्या ओळखीतल्या कारागिराने लॅपटॉप सुरू केला आणि टास्क मॅनेजर उघडून दाखवला. प्रोसेसर निवांत होता. हार्ड डिस्क मात्र सतत १०० टक्क्यांवर आणि ४ जीबी रॅम भरलेली. जुन्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी असते आणि प्रत्येक माहिती तिच्यावर शोधून वाचावी लागते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. गाडीचे इंजिन ठीक होते, रस्ता अरुंद होता.

५१२ जीबीची एसएसडी ३,२०० रुपये, ८ जीबी रॅम १,९०० रुपये, जुन्या डिस्कसाठी बाहेरची पेटी ३५० रुपये आणि मजुरी ५०० रुपये. एकूण ५,९५०, म्हणजे नव्याच्या किमतीचा साधारण सातवा हिस्सा. कारागिराने हेही स्पष्ट सांगितले, की मदरबोर्ड खराब असता किंवा बिजागरी तुटून पडदा गेला असता, तर त्यानेच नवा घ्या म्हटले असते.

वडिलांची खरी धास्ती हिशेबांची होती. जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने नोंदी जपाव्या लागतात. म्हणून आधी सर्व फायलींची प्रत काढली, ती उघडून तपासली आणि मगच डिस्क बदलली. जुनी डिस्क पेटीत बसवून आजोबांच्या कपाटात ठेवली. ती भंगारात गेली असती, तर आठ वर्षांचा व्यवहार परक्या हाती गेला असता.

विंडोज १० चा प्रश्न मात्र उरला होता. घरगुती वापरासाठी सुरक्षा सुधारणांची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे आणि मुलीची बारावीची परीक्षा त्यानंतर, २०२७ च्या आरंभी. म्हणून त्याच एसएसडीवर विनामूल्य मिळणारे लिनक्सही बसवले. राज्य मंडळाच्या अकरावीच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पुस्तकात चित्रांसाठी गिंप आणि हिशेबासाठी जीएनयूखाता आहे. दोन्ही मुक्त आज्ञावल्या लिनक्सवर चालतात. नात जीएनयूखात्यात खतावणी करताना आजोबा शेजारी खुर्ची ओढून बसू लागले.

लॅपटॉप आता अर्ध्या मिनिटात सुरू होतो. तो नवा झालेला नाही. बॅटरी तासाभरात संपते आणि पडदा मंदच आहे. पण दुकानातल्या संगणकावर विवरण भरण्याची सोय वडिलांनी करून घेतली आणि दहा तारखेची रात्र मुलीला मोकळी झाली. बाईंना तिने दुसऱ्याच दिवशी खरे सांगितले.

ज्ञानपंचमीला वह्या-पुस्तकांशेजारी लॅपटॉपही ठेवला गेला. त्या दिवशी आजोबांनी आपल्या रोजनिशीत नोंद केली : 'सप्टेंबर २०२६. लॅपटॉपचा पुन्हा विचार. आधी मुलीला विचारणे.'