दवण्याची पुडी

आमच्या पिढीच्या लेखी रुपेरी पानांचं झाड म्हणजे दवणा. दिवाळी सरली की बी पेरायचं. ते इतकं बारीक, की वाळूत मिसळून भुरभुरावं लागे. थंडीभर कातरलेल्या पांढुरक्या पानांचं रोप वाढायचं. चैत्रात एक काडी देवाला, एक अबोलीच्या गजऱ्यात. जोतिबाच्या यात्रेहून कुणी आलं, की गुलालाबरोबर दवणाही घरोघर पोचायचा.

आता बाल्कनीत डस्टी मिलर आहे, सिल्व्हर पोथॉस आहे. पहिलं भूमध्य समुद्राकाठचं, दुसरं आग्नेय आशियातल्या जंगलातलं. दोन्ही नर्सरीतून तयार येतात, आल्या दिवसापासून देखणी दिसतात.

तेव्हाची बागकाम-विद्या फार थोर नव्हती. तेलाच्या डब्यात चिकण माती, तळाला एखादंच भोक, आणि तुळशीबरोबर दवण्यालाही रोज तांब्याभर पाणी. मुळं कुजायची. खापर मात्र विटाळशीच्या सावलीवर फुटायचं, आणि घरातल्या बाईला ते मुकाट ऐकून घ्यावं लागायचं.

आज कारण ठाऊक आहे. दवणा काय, डस्टी मिलर काय, त्यांची चंदेरी झाक म्हणजे पानांवरची बारीक लव. ती ऊन परतवते, पानातली ओल राखते. म्हणून त्यांना भरपूर ऊन, भुसभुशीत माती आणि वरची माती सुकल्यावरच पाणी, तेही बुंध्याशी. पोथॉसची चांदी निराळी. पानाच्या सालीखालच्या हवेच्या पोकळ्यांमुळे ती चमकते, आणि त्याला कडक ऊन सोसत नाही. हे कळल्यानं झाडं वाचतात आणि बायकांवरचा आळही टळतो.

तरी जीव हळहळतो तो बियांच्या पुडीसाठी. दवण्याचं बी जुनं झालं की नीट उगवत नाही. दरवर्षी नवं धरावं लागे, आणि आपलं रोप गेलं तर शेजारी मागावं लागे. वर्तमानपत्राच्या कपट्यातली ती पुडी कुणी रिकाम्या हातानं नेत नसे. तिच्या बदल्यात मरव्याची फांदी तरी यायचीच.

आता डस्टी मिलर पावसाळ्यात सडला, की पुढच्या थंडीत नवा विकत आणतो. कुणाकडे मागावं लागत नाही, कुणाला द्यावं लागत नाही.

दवणा संपलेला नाही. कर्नाटकातल्या शेतांत तो पिकतो, त्याचं तेल अत्तरांसाठी परदेशी जातं. हरवलंय ते आपलं एकमेकांच्या दारी जाणं. तेव्हा येत्या दिवाळीनंतर एक कुंडी दवण्याची लावावी, आजच्या शहाणपणानं जगवावी आणि बी धरून शेजारी द्यावं. जुन्यातलं एवढं तरी परत आणण्याजोगं नक्की होतं.