२००३ची शॅम्पेन आणि यशवंतपूरचा उन्हाळा

२००३ सालची शॅम्पेन मिळाली तर जरूर घ्यावी, पण बंगळूरच्या यशवंतपुरातल्या घरी ती वर्षानुवर्षं मुरवत ठेवू नये. चवीच्या आणि साठवणुकीच्या अनुभवातून बनलेलं हे माझं मत आहे आणि त्याचा पहिला भागच अनेकांना खटकतो. सालांचे तक्ते या वर्षाला कमी गुण देतात, ते कारणाशिवाय नाही. त्या एप्रिलमध्ये हिमकडाक्याने कोवळे फुटवे जळाले, शार्दोने द्राक्षाच्या बागांना सर्वांत मोठा फटका बसला आणि ऑगस्टमध्ये युरोपभर उष्णतेची लाट आली. साखर झपाट्याने चढली, आंबटपणा घसरला आणि काढणी ऑगस्टमध्येच सुरू झाली. १८२२ नंतर इतकी लवकर ती झाली नव्हती. आंबटपणा वाढवायला त्या वर्षी खास परवानगी द्यावी लागली. अवकाळीत बाग सापडली की हाती काय उरतं, हे नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला वेगळं सांगायला नको. २००९च्या नोव्हेंबरात फयान वादळाच्या पावसाने त्यालाही ते दाखवलं होतं.

तरीही तक्ता एका प्रदेशाची सरासरी सांगतो, बाटलीतलं सांगत नाही. शॅम्पेन बनवणाऱ्या बऱ्याच घराण्यांनी त्या वर्षी व्हिंटेज, म्हणजे एकाच सालाच्या द्राक्षांची शॅम्पेन, काढलीच नाही. दों पेरिन्यों आणि क्रुग यांनी काढली. दों पेरिन्योंने २००१ आणि २००७ ही वर्षं सोडून दिली होती, तेव्हा २००३वर साल छापलं ते केवळ विक्रीसाठी, हा आक्षेप मला पटत नाही. त्यांचे तेव्हाचे मद्यकार रिशार जोफ्रुआ यांनी कमी आंबटपणाची भरपाई द्राक्षाच्या सालीतल्या तुरट घटकांच्या आधाराने करायचं ठरवलं. घोट घेतल्यावर ते जाणवतं: पिकलेल्या फळाचा भरगच्चपणा, भाजलेल्या बदामाची झाक आणि शेवटी जिभेच्या कडांना धरणारा किंचित कडवटपणा. १९९६सारख्या धारदार वर्षाची सवय असलेल्याला ही चव जड वाटेल. मला मात्र त्यात त्या उन्हाळ्याची खरी नोंद दिसते, आणि ती पुसून टाकण्यापेक्षा प्यावी असं मनापासून वाटतं.

मग मुरवायची का नाही? बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर आहे, इथली हवा सौम्य आहे, असा युक्तिवाद इथे हमखास ऐकू येतो. माणसाला सौम्य असलेली हवा शॅम्पेनला सौम्य नसते. तिला १० ते १२ अंशांचं, न हलणारं तापमान हवं. इथे तेवढा गारवा थंडीच्या रात्रीही क्वचितच पडतो आणि एप्रिलमध्ये पारा ३४च्या आसपास जातो. २०१६च्या एप्रिलमध्ये तो ३९.२ला पोचला होता. उष्णतेने बाटलीतला दाब वाढतो, रंग गडद होतो, ताजेपणा लवकर सरतो. आणि मुळातच आंबटपणा कमी असलेल्या सालाकडे हे सोसायची शिल्लक सर्वांत कमी असते. उंच इमारतींच्या या भागात तळघर म्हणजे पार्किंग. घरातला साधा फ्रिज काही आठवड्यांना ठीक, पण त्याची कोरडी हवा आणि सततची थरथर वर्षानुवर्षं चालणार नाही. वाइनसाठीचं खास कपाट हा खरा उपाय आहे, तोही वीज गेल्यावर मागे बॅकअप असेल तरच.

न मुरवता पिणं म्हणजे व्हिंटेजचा अपमान, असंही म्हटलं जातं. पण व्हिंटेज शॅम्पेनला नियमानेच किमान ३ वर्षं ठेवावं लागतं आणि मोठी घराणी यीस्टच्या गाळावर त्याहून कितीतरी जास्त काळ ठेवतात. मुरण्याचा मोलाचा भाग तिथेच, खडूच्या थंड तळघरात झालेला असतो. गाळ काढल्यावर सुरू होतं ते वेगळं, अधिक नाजूक वय. म्हणून मी सालाइतकीच गाळ काढल्याची तारीख पाहतो. क्रुगच्या बाटलीवरच्या क्रमांकावरून ती कळते. आयातशुल्काने किंमत फुगलेली असते, त्यामुळे दुकानदाराने बाटली कुठे आणि कशी ठेवली होती हे विचारण्यात संकोच नको. समाधानकारक उत्तर मिळालं तर थंडीत घ्यावी आणि मार्च लागायच्या आत, फार गार न करता, रुंद पेल्यात ओतावी.