दहा वर्षं आणि एक टर्म

करमाडला माझं पीएफ-ईएसआयचं काम चालतं. शेंद्रा एमआयडीसी जवळ, त्यामुळे येणारे बहुतेक ठेकेदारांकडचे कामगार. निवडणुकीचा हंगाम आला की कोणीतरी विचारतोच, "साहेब, आमदाराचाबी पीएफ कटतो का?"

नाही कटत. आमदाराचं निवृत्तिवेतन थेट राज्याच्या तिजोरीतून जातं. त्यात त्याचा स्वतःचा वाटा नसतो. महाराष्ट्रात एका टर्मच्या माजी आमदाराला दरमहा 50,000 रुपये, आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षामागे 2,000 जादा. वीस वर्षं काढली की 80,000. मध्ये खासदारकी झाली असेल तर तिचं निवृत्तिवेतन वेगळं.

कामगाराचं निवृत्तिवेतन, म्हणजे ईपीएस-95, असं चालत नाही. मालकाच्या हिश्शातले 8.33 टक्के त्यात जातात, पण पगार कितीही मोठा असो, हिशेब 15,000पर्यंतच. म्हणजे महिन्याला फार तर 1,250. पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. या मर्यादेवर दहा वर्षांचे होतात 2,143 रुपये. पस्तीस वर्षं राबला तर 7,500च्या आसपास. किमान निवृत्तिवेतन 1,000, तेही 2014पासून तिथंच.

आणि दहा वर्षं भरणं हीच खरी मारामार. कारखाना तोच, मशीन तेच, ठेकेदार मात्र बदलतो. नवा ठेकेदार पीएफचा नवा क्रमांक, यूएएन, काढून मोकळा. जुन्याने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते. आधारवर ज्ञानेश्वर, पीएफला ज्ञानोबा. प्रेसशॉपमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाच्या बोटांचे ठसेही मशीन घेत नाही. हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा पुसून पुसून लावत बसावं लागतं. आता चेहऱ्यावरून दाखला निघतो, तेवढा त्रास वाचला. पण तुटलेली सेवा जोडली नाही, तर दहा वर्षं राबूनही कागदावर ती भरत नाहीत, आणि मग निवृत्तिवेतन नाही.

मला रकमेपेक्षा वाढीची रीत जास्त खटकते. ऑगस्ट 2016मध्ये विधिमंडळानं चर्चेविना विधेयक मंजूर केलं. आमदारांचा पगार प्रधान सचिवाच्या वेतनाला जोडला, निवृत्तिवेतन 40,000वरून 50,000 केलं. खासदारांचा पगार 2018पासून दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकानुसार वाढतो. पीएफची मर्यादा 2001मध्ये 6,500 झाली, 2014मध्ये 15,000. ती कशालाच जोडलेली नाही. दिल्लीला वाटेल तेव्हा हलते.

आमदाराला पगारच नको, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पगार नसेल तर विधानसभेत फक्त बागायतदार आणि बिल्डर जातील. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले आणि एसटीनं फिरत राहिले; पण प्रत्येकानं गणपतराव व्हावं अशी अपेक्षा धरून कायदे करता येत नाहीत. सरपंचाचंच बघा. सप्टेंबर 2024मध्ये मानधन दुप्पट होऊन लोकसंख्येप्रमाणे 6,000 ते 10,000 झालं. अडल्यानडल्याला गाव आधी त्याच्याच दारात जातं.

निवृत्तिवेतनाचं मात्र वेगळं. 1 नोव्हेंबर 2005पासून लागलेल्या शिक्षकाला, तलाठ्याला राज्यानं अंशदायी योजनेत टाकलं. आता त्याचे 10 टक्के कापतात, सरकार 14 घालतं. मार्च 2023मध्ये हीच मंडळी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत आठवडाभर संपावर होती. तिजोरीला झेपत नाही, हे त्यांना ऐकवण्यात आलं. तिजोरीचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त ज्या सभागृहाला ते पटलं होतं, त्यानं स्वतःला त्या योजनेबाहेर ठेवलं.

आमदारालाही तीच योजना लावावी: त्याचे 10, सरकारचे 14. एका टर्मच्या जमेतून 50,000 उभे राहणार नाहीत, हे हिशेब लिहिणाऱ्याला कळतं. हरल्यावर ज्याच्याकडे खरोखर काही उरत नाही, त्याला उत्पन्नाची अट घालून आधार द्यावा. श्रावणबाळ योजनेत म्हातारीला 1,500 देताना उत्पन्नाचा दाखला मागतातच की.